कीटकांच्या हार्मोनवर काम करायचंय? आधी दोरा बांधायला शीक

बडोद्यात सुरुवात करायला महागडं यंत्र नको. कलेजीवर वाढवलेल्या मांसमाशीच्या अळ्या, रेशमाचा दोरा आणि बर्फ पुरे. (डबा गच्चीवरच ठेव, नाहीतर दांडिया बाजारातले शेजारी तुझाच कोष करतील.) १९३५ साली कीटकशास्त्रज्ञ फ्रँकेलने निळ्या माशीच्या अळ्यांना दोरा बांधून हेच केलं होतं.

खाणं सोडून भटकायला लागलेली अळी घे. बर्फाच्या पाण्यात निपचित पडली की टिपून कोरडी कर आणि मधोमध दोरा आवळ. वेळ साधली तर पुढचा भाग तपकिरी, कडक होतो. मागचा पांढरा, मऊच राहतो. एक्डायसोन, म्हणजे अळीला कोष करायला लावणारं हार्मोन, पुढच्या ग्रंथीतून येतं, गाठ त्याची वाट अडवते.

नवखे इथे चुकतात:

- वेगवेगळ्या वयाच्या अळ्या मिसळणं. उशीर झाला की हार्मोन मागे पोचलेलं असतं, दोन्ही भाग कडक होतात.
- गाठ सैल, किंवा इतकी घट्ट की कातडी फाटते.
- शेजारी बिनगाठीच्या अळ्या न ठेवणं. मग निकालाला अर्थच नाही.
- अळ्या ठेवायला ओला भुसा वापरणं. दमटपणात अळ्या कोष करणं लांबवतात. पावसाळ्यात भुसा वाळवूनच वापर.

इंजेक्शन, जुवेनाइल हार्मोन (अळीपण टिकवणारं) वगैरे नंतर बघू.