ओउलूतली आगोट

मी समुपदेशक आहे. दिवाळी उरकली की मला उत्तर युरोपातून येणारे फोन वाढतात. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. बहुतेकदा घरातलं एक माणूस तंत्रज्ञानाच्या नोकरीत असतं आणि दुसरं त्याच्यासोबत आलेलं असतं. तक्रारीचे शब्दही जवळपास तेच: ‘दिवसभर काहीच होत नाही. अंथरुणातून उठवत नाही. मी आळशी झालेय का? की डोक्यात काही बिघडलंय?’

हा प्रश्न इतक्या जणींनी आणि काही जणांनीही विचारला आहे, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायला हवं होतं. त्यासाठी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केले आहेत.

ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावची. लग्नानंतर पुण्यात आठ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. नवऱ्याला फिनलंडमध्ये ओउलूला नोकरी लागली आणि चार वर्षांच्या मुलासह तिघं तिकडे गेले. ओउलू ६५ अंश उत्तरेला, बोथनियाच्या आखातावर आहे. तिथे जूनच्या शेवटी सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो: साडेदहाच्या सुमाराला उगवणार, दोनला मावळणार. ती जूनमध्ये पोहोचली होती. पहिले तीन महिने फोटो पाठवण्यात गेले. मला फोन आला तो नोव्हेंबरमध्ये.

‘ताई, मला इथे काही कामच नाही. सकाळी मुलगा पाळणाघरात, नवरा ऑफिसात. मी नुसती बसून असते. तो म्हणतो पॉझिटिव्ह राहा. कशाच्या जोरावर राहू?’

‘पॉझिटिव्ह राहू नका सध्या,’ मी म्हटलं. ‘आठवडाभर फक्त तीन गोष्टी वहीत लिहा. किती वाजता उठलात, घराबाहेर कधी पडलात आणि घरच्यांखेरीज कोणाशी बोललात.’

वही बोलकी निघाली. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर मालिका, उठायला साडेनऊ-दहा. बाहेर पडणं आठवड्यातून दोनदा, तेही चारनंतर, म्हणजे पूर्ण अंधारात. उन्हाळ्यात झोप लागावी म्हणून लावलेले जाड पडदे नोव्हेंबरातही ओढलेलेच. आधीच आखूड असलेल्या दिवसातला एक मिनिटही तिच्या वाट्याला येत नव्हता. घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेड साधारण शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दुपारीही बाहेर त्याच्या कितीतरी पट उजेड मिळतो आणि बर्फ पडलेला असेल तर आणखी. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लावलं जातं. तो मिळाला नाही की झोप सरकते, भूक गोडाधोडाकडे वळते, अंग जड होतं. यात चारित्र्याचा दोष कुठे आला? ऋतूनुसार येणाऱ्या अशा औदासीन्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं आणि तेव्हापासून उजेड हा त्यावरचा मान्य उपाय आहे. फिनिश भाषेत नोव्हेंबरच्या नावातच मरणाचा अर्थ दडलेला आहे. म्हणजे तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाही हा महिना जडच गेलेला आहे.

एवढं कळल्यावर ती जरा सैल झाली, पण मूळ काटा रुतलेलाच होता. तिसऱ्या भेटीत तो वर आला.

‘उजेडाचं पटलं हो. पण माझ्या मैत्रिणी तिकडे विभागप्रमुख झाल्या. मी इथे डबा भरते. मी निकामी झालेय.’

‘काम नाही, असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात. आज निकामी म्हणताय. दोन्ही एकच का?’

ती थांबली. ‘एकच वाटतं.’

‘मेमध्ये कॉलेजला सुट्टी असायची, तेव्हा तुम्ही निकामी असायचात?’

‘नाही. तेव्हा सुट्टी असायची.’

आमच्या कामात खरी मेहनत इथे असते. काम नसणं ही परिस्थिती आहे. निकामी असणं हा माणसाने स्वतःवर दिलेला निकाल आहे. परिस्थितीवर काम करता येतं, पण निकाल लागून गेला म्हटल्यावर उठायचं कशाला? माझा कल आधीपासून विवेकनिष्ठ विचारांकडे आहे. माणसाला खाली खेचतो तो प्रसंग कमी आणि त्या प्रसंगाविषयी तो मनात घोकत असलेलं वाक्य जास्त, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पण वाक्य चुकीचं आहे असं नुसतं पटवून भागत नाही, त्याच्या जागी ठेवायला खरं आणि जिवंत असं काहीतरी लागतं. ते कुठून आणायचं, हे मला तिसऱ्या भेटीपर्यंत सापडलं नव्हतं.

चौथ्या भेटीला डिसेंबर लागला होता. तिच्या खिडकीबाहेर दुपारी तीनला अंधारून आलेलं. मी सहज विचारलं, ‘गावी पावसाळा कसा असायचा?’

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. ‘चार महिने धो धो. वीज नाही, होडी बंद, आठ-आठ दिवस घरात.’

‘मग आजी उदास व्हायची?’

‘छे! तिला कुठला वेळ? आणि आगोट साधलेली असायची ना.’

‘आगोटीला काय काय करायची ती?’

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मग तिला थांबवणं कठीण होतं. चैत्र-वैशाखात घर शाकारायचं, फुटके नळे बदलायचे. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी थापून वाळवायच्या. सोडे, जवळा, बोंबील उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरायचे. आमसुलं, आंब्याची साठं, फणसाचे पापड, सांडगे, कुळीथ, वर्षभराचा मसाला. अंगणात ऊन आहे तोवर एक दिवस फुकट जाऊ द्यायचा नाही. ‘आणि मृग लागला की आजी म्हणायची, आता पडू दे किती पडायचं ते. मग ती गोधड्या शिवायला काढायची. ते काम पावसाळ्यासाठीच राखून ठेवलेलं असायचं.’

एवढं बोलून ती गप्प झाली. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरावी, हे मी नव्या मुलामुलींना शिकवताना हमखास सांगते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘ताई, मी आगोट केलीच नाही.’

हे तिचं तिने शोधलं, म्हणून ते टिकलं. इथे मलाही एक गोष्ट लख्ख कळली. आपली माणसं उत्तरेत जातात ती वर्षभर सारख्याच वेगाने चालायची सवय घेऊन: शहरातली नोकरी, बारा महिने तोच दिवस. डिसेंबरात जूनसारखं जमलं नाही की स्वतःला दोष देतात. वास्तविक उत्तरेतलं सगळं जगणं कोकणातल्या जगण्यासारखं आगोटीवर उभं आहे. उजेडाच्या महिन्यांत जमवायचं, अंधारात ते वापरायचं आणि काही कामं मुद्दाम अंधारासाठी राखायची.

पण डिसेंबर उजाडला होता. पाऊस सुरू झाल्यावर शाकारणी करता येत नाही, गळतं तिथे भांडं ठेवता येतं. आम्ही चार भांडी ठेवली. तुमची आगोटही हुकली असेल तर हीच ठेवा.

पहिलं, सकाळचा दिवा. दहा हजार लक्सचा, उजेडोपचारासाठी बनवलेला. उठल्यापासून तासाभरात, रोज वीस ते तीस मिनिटं. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही, शेजारी ठेवून चहा-नाश्ता करायचा. तिचा दिवा पहिले दहा दिवस लागू पडला नाही, कारण तो टेबलाच्या पलीकडच्या कपाटावर होता. अंतर वाढलं की उजेड झपाट्याने घटतो. दिव्याच्या माहितीपत्रकात दिलेलं अंतर पाळा. संध्याकाळी लावू नका, झोप आणखी पुढे जाते. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा मन कधी अतिउत्साहात वाहवत जाण्याचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, दुपारी बारा ते एक बाहेर. हवा उणे दहा असो वा उणे पंधरा. अंगालगत लोकर, मध्ये उबदार थर, वर वारा अडवणारा. आतून सुती कपडा नको, घाम धरून ठेवतो आणि थांबलं की गारठवतो. बुटांना खिळ्यांचे तळवे लावा. तिथे पहिल्या हिवाळ्यात आपली माणसं थंडीने कमी आणि निसरड्याने जास्त हैराण होतात. अंधारात चालताना कपड्यांवर उजेड परतवणारी पट्टी लटकवणं फिनलंडमध्ये पादचाऱ्यांना कायद्यानेच सांगितलेलं आहे.

तिसरं, उठायची वेळ ठरलेली, रविवारीही तीच. झोपायची वेळ आपोआप मागे येते. आईशी बोलायचं ते दुपारच्या फेरीनंतर. भारत हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तिकडे संध्याकाळ होत आलेली असते. आधी ती रात्री उशिरा गावाकडची जुनी चित्रफीत बघत रडायची, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चौथं भांडं सर्वांत महत्त्वाचं: आठवड्यातून एक तरी जागा अशी, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी विचारेल. तिने सुरुवातीला बारा कलमी यादी केली होती: जिम, भाषा, चित्रकला, ब्लॉग. मी अकरा कलमं खोडायला लावली. उरला तो ग्रंथालयातला भाषेचा कट्टा. तिथे नवखे आणि स्थानिक लोक कॉफी घेत सोपं फिनिश बोलतात. मंगळवार, एक तास. ‘मन लागलं तर जाईन’ हे वाक्य आम्ही बाद केलं. पाय आधी जातात, मन मागून येतं.

एक छोटी गोष्ट तिची तिने केली. आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला होता, तो परत लावला. ख्रिसमसआधीच्या चौथ्या रविवारपासून तिथे खिडक्याखिडक्यांत कागदी तारे उजळतात, त्यांच्यात तो शोभून दिसला. शेजारच्या बाईंनी जिन्यात थांबवून चौकशी केली. इमारतीतलं तिचं ते पहिलं संभाषण.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल सगळे विचारतात. तिथली प्रौढांसाठीची सर्वसाधारण शिफारस, आहारातून पुरेसं मिळत नसेल तर अंधाराच्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम अशी आहे. आपली सावळी त्वचा उन्हातून ते सावकाश बनवते, म्हणून एकदा रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा ठरवावी. मात्र ही गोळी उजेडाची जागा घेत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, मुलाचं खाणंपिणं बघणंही जमत नसेल, तर वहीत वेळ घालवू नका, आरोग्य केंद्रात जा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी घरातल्याला सांगा आणि ११२ लावा. औषध घ्यावं लागलं तर घ्यावं. त्यात हार नाही.

मेमध्ये खरी आगोट सुरू झाली. इमारतीतल्या रहिवाशांनी मिळून अंगण साफ करण्याचा दिवस असतो, त्याला तिकडे ‘तालकोत’ म्हणतात. आपल्या इर्जिकेसारखंच: सगळ्यांनी दंताळी घ्यायची, निसरड्यावर टाकलेली खडी झाडायची, शेवटी कॉफी आणि भाजलेलं सॉसेज. ती मुलाला घेऊन गेली. जुलैच्या अखेरीस मुस्तिक्का म्हणजे रानातली जांभळी बोरं (बेरी), सप्टेंबरात लाल पुओलुक्का. रानातली बोरं दुसऱ्याच्या जमिनीवरही कोणालाही वेचता येतात, फक्त घराच्या अंगणापासून लांब राहायचं. पहिल्या दिवशी तासाभरात जेमतेम अर्धा लिटर जमली. शेजारीणबाईंनी फणीसारखं दात असलेलं खोरं दिलं, तेव्हा बादली भरू लागली. मात्र पाला फार येतो, तो निवडायला तितकाच वेळ लागतो. (आळंबी मात्र जाणकाराशिवाय उचलू नका, विषारी आणि खाण्याजोगी फसवतात.) नागरिक-महाविद्यालयांच्या (मोठ्यांना छंद, भाषा शिकवणाऱ्या संस्थांच्या) वर्गांची नोंदणी बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये असते. तिने मागावर चिंध्यांची सतरंजी विणण्याचा वर्ग धरला, नोव्हेंबरसाठी.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी कट्ट्यावर एका आजींनी पुओलुक्का साठवायची जुनी रीत सांगितली. स्वच्छ बोरं बरणीत भरायची, वर उकळून गार केलेलं पाणी, झाकण, थंड जागा. साखर नाही, मीठ नाही, हिवाळाभर टिकतात. का टिकतात, ते आजींना ठाऊक नव्हतं. हिला होतं. त्या बोरांत मुळातच बेन्झोइक आम्ल असतं, आपण लोणच्या-सरबतात घालतो त्याच जातीचं. तिने मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये, कागदावर षट्कोन काढून ते समजावलं. सहा-सात म्हाताऱ्या माणसांनी कान देऊन ऐकलं. पुढच्या आठवड्यात एकाने विचारलं, दूध का नासतं? मग खमीर, मग साबण.

‘ताई, मी शिकवत होते,’ ती मला म्हणाली. ‘पगार नाही. भाषा नाही. पण मी शिकवत होते.’

शिक्षकाच्या नोकरीसाठी लागणारी भाषा यायला अजून दोन-तीन वर्षं जातील, हे तिला माहीत आहे आणि ती त्या वर्गालाही जाते. नवऱ्याने पॉझिटिव्ह राहा म्हणणं सोडलं. मंगळवारी तो साडेतीनला मुलाला पाळणाघरातून आणतो. घरातल्या दुसऱ्या माणसाने करायची मदत बहुधा एवढीच असते: एक वार, एक तास, न चुकता.

या नोव्हेंबरात तिचा फोन आला तो भेट पुढे ढकलण्यासाठी, मागावरचा वर्ग त्याच वेळी होता म्हणून. कॅमेरा फिरवून तिने पडवीसारखी काचबंद गच्ची दाखवली. तिथे चौदा बरण्या, वर नावाच्या चिठ्ठ्या देवनागरीत. खिळ्यांची चाकं चढवलेली सायकल. दोन जुन्या सुती साड्या बोट-बोटभर रुंद पट्ट्यांत कापून गुंडाळलेल्या. दिवा नाश्त्याच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर.

‘गोधड्यांचं काम पावसाळ्यासाठी राखायचं ना,’ ती म्हणाली. ‘ते आता काढलंय.’