घरी बनवलेल्या बंपरला कोणता रंग द्यावा?

प्रश्न : जीपसाठी लोखंडी बंपर आणि टपावरचे कॅरियर मी घरीच वेल्डिंग करून बनवले आहे. गंज रोखणारा आणि ओरखडा पडल्यास स्वतः दुरुस्त करता येईल असा रंग कोणता? पावडर कोटिंग करावे का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून बसवलेला थर) देखणे दिसते, पण दगड लागून त्याचा टवका उडाला की गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ओल कडेने आत शिरते, गंज थराखाली पसरतो आणि तेवढाच भाग घरी बेमालूम दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे झिंक फॉस्फेटयुक्त इपॉक्सी प्रायमरचे (गंज रोखणाऱ्या अस्तराचे) दोन हात आणि त्यावर काळा मॅट सिंथेटिक एनॅमल द्यावा. मॅट रंगात ठिगळ सहसा डोळ्यांत भरत नाही. नुसते इपॉक्सी ठेवू नये, कारण उन्हात त्याची भुकटी सुटते. वरून पॉलियुरेथेन रंग दिल्यास तो अधिक टिकतो हे खरे, परंतु प्रत्येक ओरखड्यासाठी त्यात हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळत बसण्याचा उत्साह किती दिवस टिकेल, ही शंकाच आहे. खरी मेहनत रंगाआधीची आहे : वेल्डिंगचा स्लॅग (सांध्यावरची कडक खपली) ठोकून काढावा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे, थिनरने पुसावे आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. कॅरियरच्या पोकळ नळ्यांना तळाशी निचऱ्यासाठी भोक ठेवावे.