डाऊट म्हणजे शंका, संशय की प्रश्न? आणि 'आय हॅव अ डाऊट' म्हणणं चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये 'आय हॅव अ डाऊट' म्हणालात आणि टीममधली एक मुलगी हसली, 'क्वेश्चन म्हण' म्हणाली. तिला विचारा, बारावीला क्लासमध्ये डाऊट सेशनला बसायचीस ना, तेव्हा नाही हसलीस? अख्ख्या देशात क्लासवाले डाऊट सॉल्व्हिंगच्या नावावर पैसे घेतायत आणि हसायचं तुम्हाला. शाळेत धडा संपला की बाई विचारायच्या 'कुणाला काही शंका?', त्याच शंकेचं आपण डाऊट केलं. इंग्लंड-अमेरिकेत डाऊट विचारत नाहीत, प्रश्न विचारतात. डाऊट हा तिकडे अविश्वासाच्या अंगाने जाणारा शब्द आहे, म्हणून 'आय हॅव अ डाऊट अबाउट युअर डिझाइन' लिहिलं की समोरच्याला वाटतं हा माझ्या कामात खोट काढतोय. पण त्याने फार तर माणूस दुखावतो, काम अडत नाही. काम अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तो घोळ मी स्वतः घातलेला आहे.

2008 चे गणपती. मी हिंजवडीत, क्लायंट न्यूयॉर्कचा. रात्री आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम, आमच्या भाषेत जॉब, तीन दिवस मध्येच मरत होता. शुक्रवारी संध्याकाळी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी, चाळताना दिसलं की आमचा प्रोग्रॅम बरोबर चाललाय, त्यांच्या सर्व्हरवर फाइल लिहायला गेला की आपटतोय. बस सुटायला दहा मिनिटं होती, घाईत मेल टाकला, 'आय डाऊट द प्रॉब्लेम इज इन युअर सर्व्हर'. म्हणजे मला शंका आहे की प्रॉब्लेम तुमच्या सर्व्हरमध्ये आहे. लगेच उत्तर, 'ग्रेट, थँक्स!' मी म्हटलं काय समजूतदार माणसं आहेत, चूक दाखवली तरी ग्रेट म्हणतात.

रविवारी अनंत चतुर्दशी. अलका चौकात उभा होतो, समोर पथक रंगात आलेलं, छातीत ढोल वाजत होते म्हणून खिशातला फोन थरथरतोय हे कळायलाच वेळ लागला. बघतो तर मॅनेजरचे सात मिस्ड कॉल. एका बिल्डिंगच्या जिन्यात शिरलो, एका कानात बोट घातलं आणि फोन लावला. "तूच लिहिलंस ना सर्व्हरमध्ये प्रॉब्लेम नाही म्हणून?" मी म्हटलं, "नाही सर, मी तर उलटं लिहिलंय." मग त्याने माझाच मेल मला फोनवर वाचून दाखवला. मी म्हटलं बरोबर आहे की सर, हेच लिहिलंय. त्याने पुन्हा वाचला, या वेळी डाऊटवर जोर देऊन. मला तरीही कळेना. तिसऱ्यांदा 'डाऊट' एवढंच म्हणाला आणि गप्प बसला, मागे ताशा तडतडतोय, आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. इंग्रजीत आय डाऊट म्हणजे 'मला नाही वाटत'. मी त्यांना लेखी कळवलं होतं की तुमच्या सर्व्हरमध्ये काही प्रॉब्लेम नसावा, तुम्ही निवांत राहा. आणि ते राहिले होते निवांत.

त्यांच्या सर्व्हरची डिस्क भरली होती. म्हणजे निदान माझंच खरं ठरलं, हे कृपया नोंदवून ठेवा कारण तेव्हा कुणी नोंदवलं नाही. सोमवारी जागरणाचे डोळे घेऊन मीटिंगला बसलो तर चौदा जणांसमोर मॅनेजर म्हणाला, "मराठी मीडियमची माणसं, इंग्रजीत विचारच करत नाहीत." वीस मिनिटं झाडलं आणि शेवटी नेहमीसारखं विचारलं, "ओके, एनी डाऊट्स?" स्वतः कॉन्व्हेंटचा. मी पाचवीत एबीसीडी शिकलेला, माझं चुकलं तर मीडियम, त्याचं चुकलं तर सवय!

बरं, चूक कुठून येते ते बघा, कारण ती अडाणीपणातून येत नाही. आपली शंका दोन्ही बाजूंना लागते. 'तो येईल की नाही शंका आहे' म्हणजे बहुतेक येणार नाही. 'मला शंका आहे की त्यानेच घेतले पैसे' म्हणजे बहुतेक त्यानेच घेतले. मराठीत ते 'की नाही' आणि तो 'च' काम करतात, इंग्रजीत क्रियापदच बदलावं लागतं. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणायचं. 'की नाही' येत असेल तर डाऊट. 'च' येत असेल, मनात पाल चुकचुकत असेल, तर सस्पेक्ट. आणि नुसतं काहीतरी विचारायचं असेल तर क्वेश्चन. मी त्या दिवशी सस्पेक्ट लिहिलं असतं तर मिरवणूक नीट बघितली असती.

शंका आणि संशयाचं म्हणाल तर शंका विचारता येते, संशय विचारता येत नाही, तो माणसावर घेतात. कोर्टाच्या बातमीत 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असतं, तिथे शंकेचा फायदा म्हटलं तर कसंतरीच वाटेल (लघुशंकेचं तर सोडूनच द्या). काही होणार की नाही याची खात्री नसेल तर साशंक, मनात बारीक खटकत असेल तर किंतु, ज्याला इंग्रजीत मिसगिव्हिंग म्हणतात. 'नो डाऊट'ला मात्र 'यात दुमत नाही' इतकं चपखल दुसरं काही नाही, आणि गंमत म्हणजे डाऊटचं लॅटिन मूळही दोन या आकड्याशी जोडलेलं आहे, जसं आपलं द्विधा. त्यातला मुका बी फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हताच, लॅटिनसारखं दिसावं म्हणून पंडितांनी नंतर घुसडला. डेटमधला बी पण तसाच. शाळेत 'डाऊब्ट' वाचलं म्हणून मी छडी खाल्लीय, ती कुणाच्या खात्यात टाकायची?

आता हे सगळं वाचून क्लासमध्ये किंवा इथल्या ऑफिसात डाऊट म्हणायचं सोडू नका, आपल्याकडे तो अर्थ सगळ्यांना कळतो आणि हसणाऱ्यांनाही कळतो. परदेशी क्लायंट, आयईएल्ट्ससारखी इंग्रजीची परीक्षा, इंटरव्ह्यू, तिथे मात्र क्वेश्चन म्हणा. आणि 'आय डाऊट' ने सुरू होणारा मेल पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने मराठीत वाचा, विशेषतः शुक्रवारी.

हो, एक राहिलं. स्कॉटलंडमध्ये अजूनही 'आय डाऊट इट्ल रेन' म्हणजे पाऊस पडेलसं वाटतंय, जुन्या इंग्रजीतही हा अर्थ होता. म्हणजे क्लायंट न्यूयॉर्कऐवजी एडिंबरोचा असता तर माझा मेल तंतोतंत बरोबर होता. हे मला कळलं तेव्हा मध्ये बरीच वर्षं गेली होती, तरी मी त्या मॅनेजरचा नंबर शोधून व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन निळ्या टिक आल्यात.