प्रोस्टेट कॅन्सर आणि नॅनोकणांचा एमआरआय

वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर लिम्फ नोडमध्ये (शरीरातल्या लसिका ग्रंथींमध्ये) गेलाय का, हे बघायला 'फक्त कॅन्सरच्या पेशींना चिकटणारे' नॅनोकण देऊन एमआरआय कुठे होतो, असं तुम्ही विचारलंय. रोजच्या तपासणीत असं कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचायचं औषध) अजून आलेलं नाही, त्यामुळे त्यासाठी धावाधाव करू नका.

गंमत म्हणजे माणसांमध्ये सगळ्यात चांगला निकाल दिलेला कण कॅन्सर शोधतच नव्हता. फेरुमॉक्सट्रान-१० म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा कण, वर डेक्स्ट्रान या साखरेसारख्या पदार्थाचं आवरण. शिरेतून दिला की साधारण दिवसभरात लिम्फ नोडमध्ये पोचतो आणि तिथल्या निरोगी मॅक्रोफेज पेशी (बाहेरचे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी) त्याला गिळतात. लोहामुळे एमआरआयचा सिग्नल कमी होतो, म्हणून चांगला नोड काळा दिसतो. कॅन्सरने व्यापलेला भाग उजळच राहतो. साध्या एमआरआयमध्ये मुख्यतः नोडचा आकार बघतात, त्यामुळे लहान नोडमधला रोग सुटतो. २००३ साली ८० रुग्णांच्या अभ्यासात रोगट नोड सापडण्याचं प्रमाण या कणामुळे ३५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलं. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने मंजुरीच्या विरोधात कौल दिला आणि २००७ मध्ये युरोपातला मंजुरीचा अर्ज कंपनीनेच मागे घेतला. पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या संशोधकांच्या गटाने तो पुन्हा हाती घेतला.

मग कणाला अँटिबॉडी (ठरावीक पेशीला चिकटणारं प्रथिन) जोडून कॅन्सरवर नेम का धरत नाहीत? धरतात, आणि उंदरांत चित्रं झकास येतात. पण रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो, यकृत आणि प्लीहा त्याला ओढून घेतात. प्राण्यांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा दिलेल्या डोसपैकी कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचलेला भाग मध्यक ०.७ टक्के निघाला! त्यात एमआरआयला कॉन्ट्रास्ट भरपूर लागतं. पेट स्कॅनला (किरणोत्सर्गी पदार्थ टोचून काढायचा स्कॅन) त्याच्या कितीतरी पटींनी कमी पुरतं.

म्हणून तुमच्या कामाची तपासणी पीएसएमए पेट. तिथे कण नाही, एक छोटा रेणू प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला धरतो. जास्त जोखमीच्या ३०२ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०२०) तिची अचूकता ९२ टक्के होती, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५. काही मिलिमीटरचे ठिपके तिलाही चुकतात, हे धरून चाला. मुंबई-पुण्यात ती होते. वडिलांना तिची गरज आहे का, हे युरोलॉजिस्टना विचारा. ते पीएसए (रक्ततपासणीचा आकडा), ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा गुण) बघून ठरवतील. जाताना आधीच्या एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.