ती बोलते, तो ‘हं’ म्हणतो

‘मॅडम, आमचे स्वभाव अगदी दोन टोकांचे आहेत. लग्न टिकेल ना?’ साताऱ्यात माझ्याकडे लग्नाआधी समुपदेशनाला येणारी बरीच जोडपी फिरून फिरून याच प्रश्नावर येतात. वाईच्या या दोघांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वृषाली शूटिंगवाल्यांची कामं घेते. वाई-मेणवलीला सिनेमा-मालिकांची युनिटं येतात. त्यांना वाडा बघून द्यायचा, बैलगाड्या आणायच्या, गर्दीच्या सीनसाठी आसपासच्या गावांतून माणसं गोळा करायची. पहाटे चारला घराबाहेर, पॅकअप होईल तेव्हा परत. अनिकेत छापखान्यात प्रूफं तपासतो. तो दिवसभरात बोलतो तेवढं ही चहा सांगताना बोलून जाते. एका मालिकेला जुन्या वळणाची लग्नपत्रिका तासाभरात छापून हवी होती, म्हणून ती छापखान्यात गेली. ‘तासात होणार नाही,’ एवढंच म्हणून त्याने मजकुरातल्या चुका तिच्यापुढे ठेवल्या आणि पत्रिका दुसऱ्या दिवशी दिली. तिला तोंडावर नाही म्हणणारी माणसं कमीच. तिला तो आवडला. आणि त्याला? ‘ती आली की दुकानात उजेड पडल्यासारखं वाटायचं,’ तो म्हणाला. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून ऐकून तीही चमकली.

दीड वर्षाने माझ्याकडे आले तेव्हा तिची तक्रार होती की हा दगड आहे, आणि त्याची, की ही थांबतच नाही. असं पुष्कळ जोडप्यांत होतं. ज्या गुणावर माणूस भाळतो, त्याचीच दुसरी बाजू पुढे खुपायला लागते. त्यात बिघडलं काही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचं निरीक्षण केलं. त्यांच्या अभ्यासात सुमारे ६९ टक्के वाद कधीच न सुटणारे निघाले, कारण त्यांच्या मुळाशी स्वभावातले आणि गरजांमधले कायमचे फरक होते. सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांचेही. म्हणून फरक किती, हे मी फारसं मोजत नाही. भांडण झाल्यावरच्या तासाभरात दोघं काय करतात, ते विचारते.

यांचं ठरलेलं होतं. दिवसभराचं सगळं घेऊन ती रात्री फोन करायची, तो ‘हं’ म्हणायचा. तिचा आवाज चढायचा, त्याचा फोन बंद. मग ती आणखी वीस मिसकॉल द्यायची. माझ्यासमोरही तेच सुरू झालं. ती तावातावाने बोलत होती, तो खिडकीबाहेर बघत निर्विकार बसलेला. मी त्याला मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला लावली. शंभरच्या वर निघाली. वृषाली बोलता बोलता थांबली. तिला वाटत होतं, याला काही लागतच नाही. नाडी इतकी वाढली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं जातात. त्यामुळे अनिकेतने उठून जाणं मला मान्य होतं. परत कधी येणार हे न सांगता जाणं मान्य नव्हतं. नियम ठरला: फोन ठेवायचा असेल तर ‘साडेनऊला करतो’ असं सांगून ठेवायचा, आणि साडेनऊला त्यानेच करायचा. मधल्या वेळात तिने मिसकॉल द्यायचा नाही. हे तिला जास्त जड गेलं.

पण माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. अनिकेतच्या आईला मुलगी पसंत होती, तिचं काम नव्हतं. ‘सून रात्री अकराला घरी येणार, गल्लीत काय सांगू?’ त्या वृषालीसमोरच म्हणाल्या, आणि अनिकेत गप्प. अबोल माणसाला लोक पुष्कळ माफ करतात, पण इथलं गप्प बसणं स्वभावाच्या खात्यात टाकायला मी तयार नव्हते. आईशी एकट्यानेच बोलायचं, वृषालीला पुढे करायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने पंधरा दिवस लावले. मग एका रात्री आईला म्हणाला, ‘ती येईल तेव्हा दार मी उघडीन.’ आईने विचारलं, ‘आणि जेवण?’ ‘तेही मीच गरम करीन.’ त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वृषालीला विचारलं, पुढच्या शूटिंगला गर्दीत म्हाताऱ्या बायका लागतात का.

आणखी एक गोष्ट मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारली. वाईसारख्या गावात दोघं एकदा मेणवलीच्या घाटावर दिसली, की संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी बातमी पोचलेली असते. मग ‘आता मागे फिरलो तर लोक काय म्हणतील’ या धाकानेही लग्नं होतात. म्हणून विचारलं, गावात कुणालाच माहीत नसतं, तरी केलं असतं का? वृषाली लगेच हो म्हणाली. अनिकेतने विचार करायला वेळ मागितला आणि पुढच्या वेळी कागदावर लिहून आणलं. कारणांसकट हो होतं.

पैशाचं मात्र अजून जुळलेलं नाही. तिची कमाई हंगामी, आणि ती लाइटवाल्या पोरांना उसने देते. हा पगारातला रुपया न रुपया लिहून ठेवतो. घरखर्चाचं खातं एकत्र आणि बाकीचं आपापलं, इथपर्यंत आले आहेत.

लग्न विशेष विवाह कायद्याने, नोंदणी करून झालं. त्यासाठी आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावतात. वृषाली म्हणाली, ‘मॅडम, गावाने ती दीड वर्षापूर्वीच वाचली.’ नोंदणीला अनिकेतच्या मनासारखी मोजकी माणसं होती. संध्याकाळच्या जेवणाला तिचं सगळं युनिट. खर्चाची वाटणी कशी करायची यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, हे मला नंतर अनिकेतच्या आईकडून कळलं.