सातव्या वर्षी इस्रायलमध्ये भाजी येते कुठून?

प्रश्न: इस्रायलमध्ये दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचा धर्माचा नियम आहे असं वाचलं. मग वर्षभर लोक खातात काय? का हे फक्त पोथीपुरतं?

उत्तर: पोथीपुरतं नाही हो, आजही पाळतात, फक्त अख्खा देश हातावर हात ठेवून बसतो असं नाही. ह्या वर्षाला श्मिता म्हणतात, मागचं सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ असं झालं आणि पुढचं सप्टेंबर २०२८ ला लागेल. नांगरणी, पेरणी, छाटणी बंद, झाड मरू नये म्हणून पाणी घातलेलं चालतं, पण पीक वाढावं म्हणून काही करायचं नाही. झाडाला जे आपोआप लागेल ते सगळ्यांचं, मालकाने कुंपणाला कुलूप लावून बसायचं नाही.

आता भाजी. बाहेरून आयात होते, ज्यू नसलेल्या शेतकऱ्यांकडून घेतात, दक्षिणेकडच्या अरावा भागातूनही येते कारण तिथला काही भाग जुन्या धार्मिक हद्दीबाहेर धरतात. पण सगळ्यात जास्त वाद कशावर असेल तर जमीन विकण्यावर. १८८८-८९ च्या श्मितेत नव्या ज्यू वसाहती इतक्या कडकीत होत्या की एक वर्ष शेती थांबली असती तर त्या उठल्याच असत्या, म्हणून काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तोडगा काढला की जमीन तेवढ्यापुरती ज्यू नसलेल्या माणसाला विकायची. पुढे १९०९-१० मध्ये रब्बी कूक यांनी ह्याची बाजू उचलून धरली, आणि आजही मुख्य रब्बी कार्यालय अशी विक्री करून देतं. कडक मंडळींना ही चक्क पळवाट वाटते, ते असा माल घरात आणत नाहीत. मला विचाराल तर ज्याचं घर शेतावर चालतं त्याला नावं ठेवणं शहरात बसून फार सोपं आहे.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. धार्मिक न्यायालय शेतकऱ्यालाच आपला माणूस म्हणून नेमतं, तो फळं तोडून पोचवतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते मजुरीचे नि वाहतुकीचे, फळाचे नाही. अशा फळांना पावित्र्य असतं म्हणून ती वाया घालवायची नाहीत, खाण्याजोगी सालंसुद्धा सरळ कचऱ्यात टाकत नाहीत, बऱ्याच घरी ओट्यावर वेगळा डबा असतो, त्यात ती सडेपर्यंत ठेवायची आणि मगच टाकायची. उन्हाळ्यात त्या डब्याचा वास कसा येत असेल विचारू नका.

प्रश्न: श्मितेत कर्जही माफ होतं म्हणे, खरं का?

उत्तर: तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, तसंच सांगितलंय, सातवं वर्ष संपलं की येणं बुडालं. झालं काय, वर्ष जवळ आलं की लोक गरिबाला उसनं द्यायलाच कां-कूं करायला लागले, आणि तसं करू नका अशी ताकीदही तिथेच दिलेली आहे पण पैशापुढे ताकीद कोण ऐकतं. शेवटी हिलेल नावाच्या जुन्या विद्वानाने प्रोझबुल नावाचा कागद काढला, त्यावर तुम्ही आपलं येणं न्यायालयाकडे सोपवता, मग ते वैयक्तिक राहत नाही आणि बुडतही नाही. धार्मिक लोक आजही तो कागद करतात. शेतीचा नियम मात्र इस्रायलच्या भूमीपुरताच, दुसऱ्या देशात शेती करणाऱ्या ज्यू माणसाने सातव्या वर्षी खुशाल नांगर धरावा.