वाळक्या काटक्यांची ‘पुष्परचना’?

प्रश्न असा आहे: ‘जपानी हिवाळ्यावरच्या इकेबानाबद्दल लिहिते आहे. पुष्परचना हा प्रतिशब्द वापरला, पण फोटोत फूल एखादंच आणि बाकी सगळ्या वाळक्या काटक्या. मग पुष्परचना म्हणू का? आणि इकेबानाचं लिंग काय धरायचं, तो, ती की ते?’

आधी शब्द फोडून बघू. ‘इकेरु’ हे क्रियापद आणि ‘हाना’ म्हणजे फूल. जोडशब्दात ‘हाना’चं ‘बाना’ होतं. ‘ह’चा एकदम ‘ब’ कसा, असं वाटेल. पण फार जुन्या जपानीत या ‘ह’च्या जागी ‘प’ होता. म्हणजे कठोर ‘प’ मृदू झाला, इतकंच. आपल्याकडे दिक् + अंबर = दिगंबर होतं, त्याच जातीचा हा प्रकार. फरक एवढाच की आपल्या संधीत पहिल्या शब्दाचा शेवट मऊ होतो, तिथे दुसऱ्या शब्दाची सुरुवात.

खरी गंमत ‘इकेरु’मध्ये आहे. जपानीत ‘इकिरु’ म्हणजे जगणे आणि ‘इकेरु’ म्हणजे मुळात जगवणे. फुलं मांडणे हा त्याचा आजचा रूढ अर्थ. मराठीला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही, कारण रोप जगतं आणि आपण ते जगवतो, हे आपण रोजच बोलतो. ‘पुष्परचना’त फूल आलं, रचना आली, जगवणं मात्र निसटलं. एरवी चालून जातं. हिवाळ्यात ते उघडं पडतं, कारण तिथे फुलांची चैन नसते. पाइन, बांबू आणि उमे, म्हणजे तिकडचा प्लम, हे हिवाळ्याचे ठरलेले सोबती. त्या तिघांना मिळून ‘शोचिकुबाई’ म्हणतात आणि नववर्षाच्या मांडणीत ते हमखास असतात. तिघांतल्या दोघांना तर फुलासाठी कुणी घेतच नाही. इकेबानातल्या ‘हाना’त फांदी, पान, फळ, शेवाळलेलं खोड, सगळंच बसतं.

आता तुमच्या ‘वाळक्या काटक्या’. हा शब्दप्रयोग मी खोडेन. काटकी चुलीत जाते. उमेची फांदी बोडकी दिसली तरी वाळलेली नसते, नखाने साल खरवडली तर आत हिरवी लागते. ऊसवाले आणि गुलाबवाले ज्याला ‘डोळा’ म्हणतात, तसे तिच्या अंगावर डोळे असतात आणि पाण्यात ठेवल्यावर त्यातले काही उमलतात. तिला ‘निष्पर्ण’ म्हणा, किंवा सरळ ‘पानं झडलेली’ म्हणा. खरोखरच वाळलेली कणसं, कोमेजलेली पानं हिवाळी मांडणीत येतात, नाही असं नाही. तिथे ‘वाळकी’ बिनधास्त लिहा.

जगवण्याचा अर्थ हातात कसा दिसतो, ते नार्सिसस या फुलात पाहावं. जपानीत तो ‘सुईसेन’. फुकुई प्रांतातल्या एचिझेनच्या किनाऱ्यावर तो भर थंडीत फुलतो आणि त्याचं एक नाव ‘बर्फातलं फूल’ असंही आहे. पारंपरिक पद्धतीत एका फुलाला चार पानं घेतात. बुडाशी पांढरं नळीसारखं वेष्टन असतं, त्याला ‘हाकामा’ म्हणतात. किमोनोवर नेसायच्या चुणीदार वस्त्राचंही नाव तेच. हे वेष्टन बोटांनी हलके चोळून सैल करायचं, फाटू न देता त्यातून फूल आणि पानं बाहेर काढायची, एकेक पान बोटांमधून ओढून त्याला हलका पीळ द्यायचा, लांबी जुळवायची आणि सगळं परत त्याच नळीत बसवायचं. बघणाऱ्याला वाटावं, हे असंच उगवलंय!

‘हिवाळी देखावा’ असं मोघम लिहू नका, त्याला तिकडे नाव आहे. इकेबानाच्या ओहारा परंपरेचे संस्थापक ओहारा उन्शिन यांनी उथळ पसरट भांड्यात मांडायची ‘मोरिबाना’ पद्धत रूढ केली. तिच्यात निसर्गदृश्य साकारणारा प्रकार तो ‘शाकेई’. मराठीत ‘निसर्गदृश्याची मांडणी’ पुरे.

लिंगाचं म्हणाल, तर आकारान्त पाहुण्यांना आपण सहसा पुल्लिंगी करतो: सोफा, कॅमेरा, पिझ्झा. तेव्हा ‘हा इकेबाना’. ‘ती’ म्हणणारे मनात ‘कला’ धरून बोलतात, त्यांना मी टोकणार नाही. सामान्यरूप मात्र करू नये. कॅमेऱ्यात आणि गोव्यात म्हणतो, पण कॅनडात म्हणतो, ‘कॅनड्यात’ नाही. इकेबाना अजून तितका घरचा झालेला नाही, म्हणून ‘इकेबानात’च बरं, ‘इकेबान्यात’ कानाला खुपतं.

तुमच्या लेखासाठी माझी निवड: शब्द ‘इकेबाना’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘फुलाफांद्यांची जपानी मांडणी’ असा खुलासा जोडा. क्रियापदांत मात्र कंजुषी नको. फुलं आपण ओवतो, गुंफतो, माळतो, वाहतो. इथे नेमकं क्रियापद ‘खोचणे’. भांड्याच्या तळाशी खिळ्यांचा जो जड ठोकळा असतो, तो ‘केंझान’. नावाचा अर्थ तलवारींचा डोंगर. जाड फांदीचं टोक तिरपं कापून ती त्यावर आधी सरळ खोचतात, मग हवी तितकी कलती करतात. ‘रचतात’ लिहिलंत तर यातलं काहीच कळणार नाही.